खडखड वही: सेकंडहँड बॉक्स्टर शोधताना

शनिवार, २ मार्च २०२४

पहिली गाडी चालवून आलो आणि घरी आल्यावर लक्षात आलं की मी काहीच ऐकलेलं नाही. म्हणून ही वही.

प्रकल्प थोडक्यात असा: वीस हजार युरोच्या आत जुनी पोर्शे बॉक्स्टर (दोन सीटची, छप्पर उघडणारी), हाताचा गिअर, २.७ लिटरचं इंजिन. म्हणजे एकतर ९८६ नावाची पिढी (१९९६ ते २००४) नाहीतर तिच्यानंतरची ९८७, तीही २००९ च्या आधीची, कारण पुढच्या खिशाबाहेर. आम्ही राहतो जर्मनीत, श्टुटगार्टजवळ ब्योब्लिंगनला. पोर्शेचा कारखाना श्टुटगार्टच्याच झुफेनहाउजन भागात, म्हणजे गावातच म्हणायचा. पण यातल्या बऱ्याचशा गाड्या तिथे जन्मलेल्याच नाहीत, फिनलंडात उसिकाउपुंकीला वाल्मेतच्या कारखान्यात बनल्यात. चासी नंबरातलं अकरावं अक्षर एस असेल तर श्टुटगार्ट, यू असेल तर फिनलंड. गाडीच्या तब्येतीशी याचा संबंध नाही, पण कळल्यापासून मी प्रत्येक गाडीच्या काचेत वाकून तो नंबर बघतो.

आजची गाडी लुडविग्सबुर्गकडच्या एका डीलरची. पोचलो तेव्हा फाटकापाशी धुऊनपुसून उभी, छप्पर उघडं, इंजिन चालू. "तुमच्यासाठी गरम करून ठेवलीय," म्हणाला. मला वाटलं, काय आपुलकी! मग वीस मिनिटं तो शेजारी बसून बोलत होता, रेडिओ लावलेला होता आणि मी दात काढून हसत होतो.

घरी बायकोने विचारलं, "कशी होती?"

"भारी."

"आवाज वगैरे?"

"भारी."

ती हसली नाही. वीस हजार युरो तिचेही आहेत.

रविवार, ३ मार्च

मामाला फोन लावला. मामाने कोल्हापुरात उद्यमनगरात पस्तीस वर्षं इंजिनं उघडली. बहुतेक डिझेल, मधूनमधून फियाट. पोर्शे त्याने फक्त फोटोत पाहिलीय. लहानपणी सुट्टीत गेलो की तो लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचा, मूठ कानामागच्या हाडाला लावायचा आणि डोळे मिटायचा. आम्हा पोरांना वाटायचं, मामा इंजिनाशी गप्पा मारतोय.

कालचा किस्सा ऐकून म्हणाला, "गरम करून ठेवलेली गाडी बगाय जाऊच नगंस. पोरगी बगाय गेलास आन् पोरगी पावडर लावूनच बसलीया, असलं झालं त्ये." (मामी मागून ओरडली. विषय बदलला.)

मी विचारलं, कुठला आवाज वाईट आणि कुठला चांगला हे कसं ओळखायचं? त्यावर जे म्हणाला ते मोठ्या अक्षरात लिहून ठेवतोय:

"भाच्या, आवाज कसला हाय त्ये मला सांगूच नगंस. कवा येतो त्ये सांग."

मग तासभर त्याने वदवून घेतलं. आवाज इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर वाढतो की चाकांच्या? ते कळायला ताशी साठ वेग कायम ठेवून तिसऱ्यातून चौथ्यात जायचं. फेऱ्या उतरल्या पण आवाज तसाच राहिला, तर तो चाकाकडचा. आवाजही उतरला तर इंजिनाकडचा. मग क्लच दाबून गाडी नुसती घरंगळू द्यायची. मग गार असताना आणि गरम झाल्यावर. सरळ आणि वळणावर. ब्रेक लावून आणि सोडून. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या की आपण आवाज ऐकत नाही, अंदाज ऐकतो.

हे शेवटचं वाक्य माझं, मामाचं नाही. मामा म्हणाला, "येका टायमाला येकच."

शनिवार, ९ मार्च

गाडी क्र. २. ९८७, २००५ ची, खासगी मालक, हेरेनबेर्गजवळ. आधीच कळवलं होतं की कृपा करून गाडी सुरू करू नका, मी आल्यावर करू. पोचल्यावर आधी मागच्या सायलेन्सरच्या नळीला हात लावला. गार.

किल्ली फिरवली आणि मी सीटवरून उडालो. पाठीमागे कुणीतरी व्हॅक्यूम क्लीनर लावल्यासारखा घूंऽऽऽ असा एकसुरी आवाज. बॉक्स्टरचं इंजिन मधे, म्हणजे तुमच्या पाठीला लागून. इतर गाड्यांत जे बॉनेटखाली होतं ते इथे थेट मानेवर होतं. मालकाचा चेहरा निर्विकार. मी मनातल्या मनात गाडी परत केली. मिनिटभराने आवाज आपोआप बंद.

तो होता दुय्यम हवेचा पंप. इंजिन गार असताना थोडा वेळ सायलेन्सरच्या वाटेत ताजी हवा फुंकतो, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापतो. असायलाच हवा तो आवाज. उलट गार इंजिन सुरू करूनही तो नाही आला तर विचारावं. सुरू करताना थोडा निळसर धूरही आला, तोही या जातीच्या इंजिनात चालतो: सिलिंडर आडवे झोपलेले, गाडी उभी राहिली की तेल थोडं ओघळून आत साचतं. एकदाच भपकारा आणि मग स्वच्छ, तर ठीक. येतच राहिला तर नाही.

मग टिकटिक सुरू झाली, वरच्या बाजूने, शिलाई मशीन लांबून ऐकावी तशी. चार-पाच मिनिटांत, काटा वर सरकायला लागल्यावर विरली. हायड्रॉलिक टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारे, तेलाने भरणारे छोटे भाग. रात्रभरात तेल उतरतं, पुन्हा भरेपर्यंत वाजतात. ही टिकटिक गरम झाल्यावर जायला हवी. गरम झाल्यावर सुरू होणारी टिकटिक ही वेगळी आणि वाईट गोष्ट आहे, ती सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे असल्याची असू शकते. आवाज तोच, वेळ वेगळी. मामा जिंकला.

हमरस्त्याला लागलो. ताशी ऐंशीच्या पुढे वूंऽवूंऽवूंऽ. गिअर बदलला, आवाज हलला नाही. म्हणजे चाकाकडचा. मालक म्हणाला, "पोर्शे आहे, अशीच वाजते." मी मान डोलावली आणि मोकळ्या रस्त्यावर हळूच डावी-उजवी डुलवली. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो. उजव्या चाकाचं बेअरिंग गेलं असेल तर तेव्हा आवाज वाढतो. वाढला नाही. उजवीकडे वळलो, तेव्हाही नाही. पण डांबर बदललं, नवीन गुळगुळीत तुकडा लागला, तसा आवाज निम्मा झाला.

थांबून मागच्या टायरवरून तळवा फिरवला. पुढच्या दिशेला गुळगुळीत, मागच्या दिशेला करवतीवर हात फिरवल्यासारखं. टायरवर चार आकडी शिक्का २३१४: २०१४ सालचा तेविसावा आठवडा. दहा वर्षांचे टायर, झिजून करवतीसारखे दात आलेले. आवाज त्यांचाच. बेअरिंग शाबूत होतं.

तरी गाडी घेतली नाही. टायरमुळे नाही. सर्व्हिसची वही हरवलीय म्हणाला आणि किती वर्षांपूर्वी हरवली ते दोनदा वेगवेगळं सांगितलं.

मंगळवार, १२ मार्च

आज गाडी नाही. फक्त शब्द.

परवा मालकाला जर्मनमध्ये विचारायला गेलो आणि अडलो. मराठीत मला आवाजांचा तोटा नाही: खडखड, घरघर, करकर, कुरकुर, किणकिण, सळसळ, फडफड, चीं, टक्, ठप्, धप्. प्रत्येक वेगळा आणि कुणालाही न विचारता कळणारा. ऑफिसात गाडीवेड्या सहकाऱ्याला विचारलं तर त्याच्याकडेही खजिना निघाला. सस्पेन्शनच्या गडगडीला 'पोल्टर्न', सैल पत्र्याला 'क्लापर्न', साखळीला 'रासेल्न', पट्ट्याला 'क्वीचन'. आणि मेलेल्या बेअरिंगला 'माहलन', म्हणजे शब्दशः दळणं.

जातं! आपणही तेच म्हणतो की, बेअरिंग घरघरतंय. आणि आपल्याकडे घरघर लागली म्हणजे शेवटचे क्षण. त्याला हे समजावून सांगितलं तर फार आवडलं. आता कँटीनमध्ये प्रिंटरला 'घरघर' लागलीय म्हणतो.

मामाला व्हॉट्सअॅपवर परवाची रेकॉर्डिंग पाठवली होती. उत्तर आलं: "ह्यात नुसता वारा हाय." खरं आहे. फोन आपल्या आवाजाला महत्त्व देऊन बाकीचा गाळतो. रेकॉर्डिंगवर विसंबायचं नाही.

सोमवार, १ एप्रिल

गाडी क्र. ३. ९८६, २००२ ची, ट्युबिंगनच्या पलीकडे. नंबरप्लेटच्या कडेला ०४ आणि १० हे आकडे एकावर एक: हंगामी नंबर, एप्रिल ते ऑक्टोबर. विमा आणि कर तेवढ्याच महिन्यांचा, बाकी काळ गाडी रस्त्यावर आणायची नाही. म्हणून मार्चभर थांबलो आणि आज ईस्टरच्या सोमवारी पहिल्याच दिवशी हजर. वेळ साधली म्हणून स्वतःवर खूश होतो.

निघताच धब्-धब्-धब्-धब्, चाकाच्या प्रत्येक फेरीला एक. पाच महिने एका जागी उभी, टायर खाली चपटे झालेले. हे मला माहीत होतं म्हणून गप्प बसलो. दहा किलोमीटरनंतर टायर तापले, गोल झाले, आवाज गेला.

मग खडीच्या वाटेवर गाडी वळवून घेतली आणि किर्रर्रर्र! पाटीवर खिळा ओढावा तसा, समोरून डावीकडून, अंगावर काटा. मालक, साठीचा गृहस्थ, पांढरा पडला. "हे कधीच नव्हतं!" शपथेवर सांगायला लागला. मी घाबरलो असतो, पण मामा कानात बसलेला: कवा? ब्रेक लावला तरी आहे, सोडला तरी आहे. चाक फिरतं तसा आहे. दहा सेकंदांपूर्वी नव्हता, आणि खडीवरून आलो. रिव्हर्स टाकून गाडी दहा फूट मागे घेतली, पुढे घेतली, पुन्हा मागे. टिंग. ब्रेकची तबकडी आणि तिच्यामागचा पत्रा यांच्यात अडकलेला हरभऱ्याएवढा खडा खाली पडला. आजवर ऐकलेला सगळ्यात भयंकर आवाज हाच, आणि त्याचा खर्च शून्य. मालकाने तो खडा खिशात टाकला. का ते विचारलं नाही.

खरी गोष्ट परत आल्यावर कळली. गाडी उभी, न्यूट्रल, क्लचवर पाय नाही, रेडिओ-पंखा सगळं बंद. सीटच्या मागे, खालून, सुपात तांदूळ पाखडावेत तशी सळसळ. क्लच दाबला, थांबली. सोडला, सुरू. दाबताना आवाज येत असेल तर क्लचचं रिलीज बेअरिंग बघावं. इथे उलटं होतं, सोडल्यावर येणारा, म्हणजे गिअरबॉक्सच्या आत जाणाऱ्या शाफ्टची बेअरिंगं, नाहीतर दुहेरी फ्लायव्हील (इंजिन आणि क्लच यांच्यामधलं जड चाक) सैल झालेलं. इंजिन बंद करताना एक हलका 'खडाक्'ही आला. फ्लायव्हील असावं. थोडीशी सळसळ जुन्या गिअरबॉक्सला शोभते. ही किती, ते माझ्या कानाला कळेना.

मी म्हटलं, वर्कशॉपमध्ये लिफ्टवर घालून बघू, खर्च माझा. तो म्हणाला, "डास इस्ट नोर्माल." हे नॉर्मल आहे. मी पुन्हा म्हटलं. तो पुन्हा तेच म्हणाला, जरा मोठ्याने.

खड्यासाठी शपथा घालणारा माणूस सळसळीबद्दल शांत. म्हणजे ती त्याला जुनी ओळखीची होती. निघालो.

मंगळवार, ९ एप्रिल

गुढीपाडवा. आईचा फोन: "आज तरी घ्यायचीस की. साडेतीन मुहूर्तातला एक आहे." तिला सांगितलं की गाडीच मिळाली नाही. "मग अक्षय्य तृतीयेला घे. पण एवढं काय ऐकतोस रे त्या गाड्यांचं? माझं ऐकत नाहीस."

शनिवार, १३ एप्रिल

गाडी क्र. ४. एस्लिंगन. ९८६, २००३ ची, २२८ अश्वशक्ती, ९४ हजार किलोमीटर, एकच मालक. निवृत्त शिक्षक. प्रत्येक पावती फायलीत, प्रत्येक पेट्रोल भरल्याची नोंद बारीक अक्षरात.

गार सुरू केली: पंप वाजला, थांबला. टॅपेट दोन मिनिटं. मग काहीच नाही. एस्लिंगनच्या जुन्या भागातल्या दगडी रस्त्यावरून मुद्दाम नेली, सस्पेन्शनच्या लिंका आणि बुश तिथेच बोलतात. नुसते टायरचे टप्टप्. उभ्या उभ्या स्टेअरिंग टोकापर्यंत फिरवलं, शॉकअपच्या वरच्या माउंटला कुरकुरायला पूर्ण वाव दिला. नाही. श्टुटगार्टात हेस्लाखच्या बोगद्यात नेली. सव्वादोन किलोमीटरहून लांब, छप्पर उघडं, काचा खाली. भिंतीवरून आपलाच आवाज परत येतो, तेव्हा गाडीत बसून न कळणारं कळतं. दुसऱ्या गिअरात चार हजारांपर्यंत नेली आणि सोडली. एकसंध, गोल, कुठे चरा नाही.

बायको आज बरोबर होती. तिला मुद्दाम काहीच सांगितलं नव्हतं. बोगदा संपल्यावर म्हणाली, "हिला काही होत नाहीये."

परत येईपर्यंत मी मनातल्या मनात पार्किंगची जागाही ठरवली होती. तरी तपासणी ठरवली शुक्रवारची. शिक्षक म्हणाले, "जरूर. मलाही उत्सुकता आहे."

शुक्रवार, १९ एप्रिल

जरा सविस्तर लिहितो.

वर्कशॉप छोटं, मास्टर साठीकडे झुकलेला, फक्त याच गाड्या करतो. गाडी लिफ्टवर. ऑइल बदलायची वेळ आलीच होती, म्हणून शिक्षकांना विचारून फिल्टर काढला, पैसे माझे. या इंजिनाचा फिल्टर म्हणजे प्लॅस्टिकच्या डब्यातली कागदी गुंडाळी. मास्टरने ती पातीने कापली, कागदाची घडी चादरीसारखी पांढऱ्या ट्रेमध्ये उलगडली, तेल निथळू दिलं आणि कपाळावरचा दिवा लावला.

घड्यांच्या खाचेत चमचम होती. चमकीच्या साडीवर हात फिरवल्यावर बोटाला लागते तेवढीच. मास्टरने चुंबक फडक्यात गुंडाळून कागदावरून फिरवला. काही कण तिथेच राहिले, ते अॅल्युमिनियम असणार. बाकीचे उठून फडक्याला चिकटले. पोलाद.

बराच वेळ कुणी बोललं नाही.

या पिढीच्या इंजिनातली एक गोष्ट जगजाहीर आहे. क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो) आणि कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारे) यांच्यामधे एक मधला शाफ्ट असतो, कॅमशाफ्टच्या साखळ्या तो फिरवतो. त्याच्या एका टोकाला सीलबंद बेअरिंग. सीलमधलं ग्रीस कालांतराने धुऊन जातं, बाहेरचं तेल पुरेसं आत येत नाही, आणि कधीतरी ते बेअरिंग फुटतं. मग टायमिंग चुकतं, व्हॉल्व्ह पिस्टनला आपटतात, इंजिन संपतं. अमेरिकेत यावरून सामूहिक खटला होऊन तडजोड झाली, २००१ ते २००५ च्या मॉडेलांसाठी. तेव्हापासून खरेदीदार टेस्ट ड्राइव्हला कान टवकारून 'त्या' बेअरिंगचा आवाज शोधतात. मीही तेच करत होतो, सहा आठवडे.

मास्टर म्हणाला, बहुतेक वेळा आवाज येतच नाही. आला तर त्यानंतर फार वेळ उरत नाही.

हे कण त्याच बेअरिंगचे आहेत असं तो म्हणाला नाही. पोलाद साखळीचंही असू शकतं, आणखी कशाचंही. गिअरबॉक्स उतरवून बघावं लागेल, आणि बघायचं ते मालकाने. त्याने फिल्टरचा कागद पिशवीत घालून शिक्षकांच्या हातात दिला. ते बराच वेळ पिशवी दिव्याकडे धरून बघत राहिले. मग म्हणाले, "पण ती तर किती शांत चालते." फसवण्याचा प्रश्नच नव्हता, त्या माणसाला ठाऊकच नव्हतं. मला उगाच अपराधी वाटलं, जणू मीच आत काही टाकलं होतं.

मामाला सांगितलं. पलीकडून नुसता हुंकार. मग: "बोलती गाडी बरी, भाच्या."

शनिवार, २७ एप्रिल

गाडी क्र. ५. ९८७, २००७ ची, २४५ अश्वशक्ती, १ लाख १८ हजार किलोमीटर. लेओनबेर्ग. मालक तरुण, घरात दुसरं बाळ येतंय, दोन सीटची गाडी विकणे भाग. यात मधल्या शाफ्टचं बेअरिंग मोठं आहे आणि खूपच कमी वेळा दगा देतं असं सगळे म्हणतात. मात्र इंजिन फोडल्याशिवाय ते बदलता येत नाही.

ही गाडी म्हणजे वाजंत्री. सगळं इथे उतरवतो.

गार सुरू केल्यावर पंप, मग टॅपेट, दोन्ही गेले. त्यांच्या मागून चीं-चीं-चीं, चिमणीसारखं, इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर, पाच मिनिटांनी कमी पण गेलं नाही. दगडी रस्त्यावर समोरून टक्-टक्, हलकं, छोट्या उंचवट्यांवरच. मोठ्या स्पीडब्रेकरवर नाही. दोन हजार चारशे फेऱ्यांना बरोबर झिणझिण, दोन हजार सहाशेला गायब. आणि ताशी सत्तरपासून मागून घूंऽ. यावेळी डुलवल्यावर: उजवीकडे वळताना वाढतो, डावीकडे वळताना जवळजवळ बंद. म्हणजे डावं मागचं. डांबर बदललं तरी फरक नाही. दळण.

मालकाने प्रत्येक आवाजाबद्दल तेच सांगितलं जे मी ऐकलं होतं. "घूं गेल्या उन्हाळ्यापासून आहे. झिणझिण मी घेतली तेव्हापासून. चीं या हिवाळ्यात सुरू झालं." तारखा दिल्या. कवा ते त्याने स्वतःच सांगितलं, मी विचारायच्या आत.

बायको: "ही तर सगळीकडून वाजतेय." मी: "हो ना!" तिने माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं.

शुक्रवार, ३ मे

तपासणी, तोच मास्टर.

आधी फिल्टर. कापला, उलगडला, दिवा. काळं तेल, कागदाचे दोन तंतू, बाकी काही नाही. चुंबक कोरडा. मग सहाही प्लग काढून एंडोस्कोपने सिलिंडर. पडद्यावर भिंतीवरच्या बारीक तिरक्या रेघा दिसत होत्या, उभा ओरखडा एकही नाही. कंप्युटरमधून इंजिन चालल्याचे तास काढले: २,३१०. किलोमीटरला तासांनी भागलं तर सरासरी ताशी ५१. आकडा पटण्यासारखा. ताशी ३० निघाली असती तर मीटर मागे फिरवलाय का, हे विचारलं असतं.

मग वाजंत्री एकेक करून. डावं मागचं चाक हवेत असताना मास्टरने माझा हात धरून सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवलं. स्प्रिंगमधून बोटांत बारीक खरखर आली, रवा चाळताना चाळणीत येते तशी. उजवीकडे जाऊन तेच केलं: काही नाही, नुसतं फिरणं. कानाने जे डुलून डुलून ओळखलं ते हाताला तीन सेकंदांत कळलं.

चीं साठी सीटमागचा गालिचा उचलला, पत्रा काढला. पट्टा आणि पुल्या तिथेच, जणू घराच्या भिंतीतलं कपाट उघडलं. इंजिन चालू. मास्टरकडे डॉक्टरसारखा स्टेथोस्कोप होता, पण मी भिंतीवरचा लांब स्क्रू ड्रायव्हर मागून घेतला. टोक वॉटर पंपाच्या बोल्टवर, मूठ कानामागच्या हाडाला, डोळे मिटून. नुसतं वाहणं, जड, सारखं. मग पट्ट्याच्या वरच्या रोलरवर. कवटीत कुणी सुकी वाटाण्याची शेंग हलवतंय! दचकून मूठच सुटली. मास्टर हसला. खात्रीसाठी इंजिन बंद करून पट्टा काढला, दहा सेकंद पट्ट्याविना सुरू केलं, चीं गायब. रोलर.

टक्-टक् म्हणजे समोरच्या अँटीरोल बारच्या (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याच्या) लिंका, दोन्ही सैल. झिणझिण मिळाली नाही. एक्झॉस्टचा कुठलातरी पत्रा, लिफ्टवर असताना वाजायला तयार नाही.

मास्टरने कागदावर लिहून दिलं: बेअरिंग, रोलर, लिंका, मजुरीसकट साडेआठशे युरो. खाली एक ओळ मारली आणि म्हणाला, "एवढा आवाज आणि एवढंच बिल."

शुक्रवार, १० मे

घेतली. १७,९०० युरो, मागत होता १९,२००. मास्टरचा कागद टेबलावर ठेवला, त्याने वाचला, फारसं ताणलं नाही. खासगी व्यवहार, करारात जबाबदारी नाकारल्याची नेहमीची ओळ, म्हणजे आता जे वाजेल ते माझं.

काल ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाची सुट्टी, आज मधला दिवस म्हणून त्यालाही रजा, मलाही. एवढ्याच कारणाने आज ठरलं. आईला फोन केला तर ती म्हणाली, "अक्षय्य तृतीया! बघ, शेवटी ऐकलंसच." मी काही बोललो नाही. पुढच्या चाकांखाली लिंबं ठेवून निघालो. शेजारची आजी खिडकीतून बघत होती. दोन्ही लिंबं फुटल्याचा आवाज व्यवस्थित आला.

शनिवार, ११ मे

सकाळी जॅक आणि स्टँड लावून खाली शिरलो. मूठ वळून एक्झॉस्टच्या प्रत्येक पत्र्यावर ठोकत गेलो. ठप्, ठप्, ठप्, झिण्ण. उजव्या कॅटॅलिटिकवरच्या उष्णतारोधक पत्र्याचा एक टाका गंजून सुटलेला. होजला लावतात तो मोठा क्लॅम्प पत्र्याभोवती फिरवून आवळला. साडेतीन युरो. पुन्हा ठोकलं: ठप्.

दुपारी अर्धा तास चालवून आलो. दोन हजार चारशेला शांत. मामाला व्हिडिओ कॉल लावला, फोन सीटच्या मागे धरला. तो डोळे मिटून ऐकत होता. मी म्हटलं, "मामा, फोनवर नुसता वारा येतो ना?" तर म्हणाला, "गप जरा."

त्याला काही ऐकू आलं की नाही माहीत नाही. मला आलं. झिणझिण गेल्यावर तिच्यामागे, उभ्या गाडीत, डाव्या बाजूने एक टिक्. मग दोन सेकंद काही नाही. मग टिक् टिक्. इंजिन गरम होतं. फेऱ्या वाढवल्या तर वाढली असं वाटलं, पुन्हा केलं तर वाटलं नाही. पेट्रोलच्या वाफेचा व्हॉल्व्ह असाच टकटकतो आणि त्यात काही वाईट नाही. पण मला हे आवाजावरून वाटतंय, वेळेवरून नाही. गार असताना ऐकायला हवं.

उद्या रविवार, इथे शांतता पाळायचा दिवस. अंगणात इंजिन चालू ठेवून बसलो तर शेजारची आजी लिंबांचा राग काढेल. सोमवारी सकाळी, ऑफिसच्या आधी.